गिरनार : चढण्याआधी उतरण्याचा हिशेब

गुजरातमध्ये जुनागढजवळच्या गिरनार डोंगरावरून परतलेल्या लोकांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. ‘पहाटे साडेचारला दत्तशिखरावर पोचलो आणि दीड-दोन तास कुडकुडत बसलो.’ ‘रोपवेने गेलो, तरी निम्मा गिरनार उरलाच की!’ आणि सगळ्यात जास्त ऐकू येणारी, ‘चढलो एकदम मस्त, उतरताना मात्र गुडघ्यांनी हात टेकले.’

तिन्ही तक्रारींचं मूळ एकच. लोक हिशेब वर पोचण्यापर्यंतचा करतात आणि तिथेच वही मिटतात. म्हणून हा लेख उतरण्याच्या बाजूने लिहिला आहे. महात्म्य तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. इथे फक्त पाय, पाणी आणि घड्याळ.

## टप्पा १ : डोंगराचा आराखडा डोक्यात बसवा

गिरनार हा एक सरळ जिना नाही. दमछाकीपेक्षा या गैरसमजानेच जास्त लोक खचतात.

जुनागढ स्टेशनपासून भवनाथ तळेटी, म्हणजे डोंगराचा पायथा, सहा-सात किलोमीटरवर आहे. पायऱ्या तिथून सुरू होतात. तळेटीपासून जैन मंदिरांपर्यंत चार हजारांच्या जरा अलीकडे आणि अंबाजीच्या मंदिरापर्यंत सुमारे पाच हजार पायऱ्या. इथवर वाट चढतच जाते. अंबाजीनंतर छोटा उतार-चढ करून गोरखनाथ शिखर येतं. अकराशे मीटरच्या वर उंची असलेलं हे गुजरातमधलं सर्वांत उंच ठिकाण. खरी गोम याच्या पुढे आहे. गोरखनाथानंतर वाट खोल उतरते, पार खिंडीपर्यंत. खिंडीत कमान लागते, तिथून एक फाटा कमंडलू कुंडाकडे खाली जातो आणि दुसरा दत्तपादुका असलेल्या दत्तशिखराकडे वर. हा शेवटचा चढ साधारण हजार पायऱ्यांचा, अरुंद आणि उभा.

आता हेच उलटं वाचा. दत्तशिखरावरून खिंडीत उतरायचं, खिंडीतून पुन्हा गोरखनाथाच्या खांद्यावर चढायचं आणि मग अंबाजी. दर्शन झालं, आता काय उतारच उतार, अशा मनाने निघालेल्या माणसाला खिंडीत मान वर केल्यावर समोर पायऱ्यांची भिंत दिसते. शरीर थकलेलं असतंच, त्यात मनही तिथेच बसतं. हा परतीचा चढ आधीपासून खात्यात धरलेला असेल, तर तो फक्त एक चढ राहतो.

बोलण्यात ‘दहा हजार पायऱ्या’ म्हणतात, परंपरेने ९,९९९. मोजणाऱ्यांचे आकडे याहून कमी भरतात. वाद घालू नका. कडेला मधूनमधून रंगवलेले आकडे दिसतात, ते वेग तपासायला वापरा, भक्तीला नव्हे.

तपासा : तुमच्या गटातल्या प्रत्येकाला ‘परत येताना पुन्हा चढ आहे’ हे माहीत आहे का? एकेकाला विचारा. निम्म्यांना नसतं.

## टप्पा २ : दिवस निवडताना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा बरा काळ. उन्हाळ्यात जायचंच असेल तर रात्री चढून ऊन तापायच्या आत उतरायचं, दुसरा पर्याय नाही. पावसाळ्यात धुकं, वारा आणि शेवाळलेली पायरी असं तिहेरी प्रकरण असतं. हिरवागार डोंगर फोटोत छान दिसतो. उतरताना तुमची नजर पायाखालून हलणार नाही, त्यामुळे तो तुम्हाला दिसणारच नाही.

गर्दीचे दिवस आधी पंचांगात बघा. कार्तिकी एकादशी ते पौर्णिमा परिक्रमा असते, महाशिवरात्रीला भवनाथची जत्रा आणि मार्गशीर्षात दत्तजयंती. शिवाय दर पौर्णिमेला महाराष्ट्रातून बसच्या बस येतात. शेवटच्या हजार पायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे एकाच अरुंद वाटेने असतात, त्यामुळे गर्दीच्या रात्री तिथे रांग चालत नाही, ती थबकते. पहिल्यांदा जाणाऱ्याने साधा आठवड्यातला दिवस घ्यावा. पौर्णिमेचा आग्रह दुसऱ्या वारीला ठेवा.

परिक्रमा आणि पायऱ्या एकाच फेरीत उरकायचा मोह टाळा. परिक्रमेची जंगलवाट सुमारे ३६ किलोमीटरची. दोन्ही एकदम करणारे लोक असतात, पण ते हा लेख वाचत नाहीत.

सोमवारी कमंडलू कुंडावर सकाळी धुनी प्रज्वलित होते, म्हणून रविवार-सोमवारची रात्र भरलेली असते. धुनी साधायची असेल तर आधी धुनी की आधी पादुका, हे तळेटीलाच ठरवा. खिंडीतल्या कमानीखाली उभं राहून अर्धा गट इकडे, अर्धा तिकडे असं झालं की पुढचे दोन तास एकमेकांना शोधण्यात जातात.

## टप्पा ३ : सहा आठवडे, आणि लिफ्टने खाली यायचं नाही

एका मजल्याला २० पायऱ्या धरल्या, तर नुसतं अंबाजी म्हणजे २५० मजले. ‘रोज पाच किलोमीटर चालतो’ ही तयारी इथे उपयोगी पडते, पण अर्धीच. सपाटीवर चालताना मांडीच्या पुढच्या स्नायूंवर फार ताण येत नाही. पायरी उतरताना हेच स्नायू ताणले जात असतानाच शरीराचं वजन पेलून धरतात, ब्रेक लावल्यासारखे. न सवयीचा हा ताण त्या वेळी जाणवत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळं अंग वसूल करतं.

म्हणून सरावातली सर्वांत मोठी चूक : जिना चढून जायचं आणि लिफ्टने खाली यायचं. गिरनार नेमका त्याच भागाची परीक्षा घेतो ज्याचा सराव लिफ्टने चोरला.

पाच मजल्यांच्या इमारतीत साधारण शंभर पायऱ्या मिळतात. पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीनदा पाच फेऱ्या, चढून आणि उतरून. पुढचे दोन आठवडे दहा फेऱ्या. पाचव्या आठवड्यात एकदा सलग वीस-पंचवीस फेऱ्या, पाठीवर जी पिशवी नेणार तीच घेऊन. सहाव्या आठवड्यात निम्म्यावर या आणि शेवटचे तीन दिवस पूर्ण विश्रांती. वॉचमन विचारेल काय हरवलंय म्हणून. सांगा, गिरनारला चाललोय. बहुतेक तो प्रसाद आणायला सांगेल.

पुण्यातल्यांना पर्वती हाताशी आहे. तिच्या १०३ पायऱ्या, म्हणजे दहा फेऱ्यांना हजारच, हे ऐकून पुष्कळांचे डोळे उघडतात. मुंबईच्या बाजूला विरारची जीवदानी चांगली, तेराशेच्या वर पायऱ्या सलग मिळतात. सिंहगड दम वाढवायला उत्तम, पण मातीच्या वाटेवर पाऊल हवं तसं टाकता येतं. पायरी पावलाची लांबी आणि उंची स्वतः ठरवते. तेव्हा सिंहगडावर भागवू नका.

तपासा : दोन हजार पायऱ्या चढ-उतार केल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरचा जिना कठडा न धरता, सरळ तोंडाने उतरता येतो का? येत असेल तर तिकीट काढा. आडवं होऊन उतरावं लागत असेल तर आणखी दोन आठवडे घ्या.

इशारा : हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, दमा, मधुमेह यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि ‘यात्रेला जाऊ का’ असं मोघम विचारू नका. ‘रात्रभर जागून हजारो पायऱ्या चढ-उतार करणार आहे, गोळ्यांच्या वेळा काय ठेवू’ असं विचारा. उत्तर वेगळं मिळतं.

## टप्पा ४ : पिशवीत काय, आणि काय नाही

पिशवी भरून हातात घ्या. ती उचलताना तोंडातून ‘हं’ निघाला तर दोन वस्तू काढा.

बूट किमान महिनाभर वापरलेले हवेत. यात्रेसाठी म्हणून आदल्या आठवड्यात घेतलेले नवे बूट म्हणजे तळेटीपासून फोड घेऊन चालणं. उतरताना पाऊल पुढे सरकून बोटं बुटाच्या टोकावर आदळतात आणि नखं काळी पडतात. उपाय साधा : नखं दोन-तीन दिवस आधी कापा, आणि उतरायला लागण्यापूर्वी नाडी सोडून घोट्यापाशी पुन्हा घट्ट बांधा. चढताना सैल, उतरताना घट्ट.

एक कोरडा बनियन किंवा टी-शर्ट प्लास्टिक नसलेल्या पिशवीत वेगळा गुंडाळून ठेवा. ही या यादीतली सगळ्यात कमी लेखलेली वस्तू. चढताना घामाने अंग चिंब होतं, शिखरावर वारा झोंबतो आणि ओला कपडा पाठीला चिकटून थंडगार पडतो. लोक त्यावरच स्वेटर चढवतात आणि तरी थंडी जात नाही म्हणतात. अंबाजीला पोचल्यावर ओला काढा, पाठ पुसा, कोरडा घाला, वरून पातळ वाराबंद जॅकेट. दोन मिनिटांचं काम.

बाकीचं पटकन : डोक्याला बांधायची विजेरी आणि तिचे जादा सेल (वाटेवर दिवे आहेत, पण त्यांच्या भरवशावर राहू नका, आणि मोबाइलच्या उजेडात उतरलात तर एक हात कायमचा अडकतो), लिटरभर पाण्याची धातूची बाटली, ओआरएस, राजगिऱ्याचे लाडू किंवा गूळ-शेंगदाणे, उन्हासाठी टोपी, रोजची औषधं, क्रेप बँडेज, सुटे पैसे. डोंगरावर प्लास्टिकबंदी आहे, पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं तळेटीलाच अडवली जाऊ शकतात. घरूनच स्टीलची बाटली आणि कापडी पुरचुंडी आणलीत की प्रश्न मिटला.

ओआरएसबद्दल एक चूक हमखास दिसते. लिटरभर पाण्यासाठीचं मोठं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामं करायचं, ‘जरा स्ट्राँग’ म्हणून. त्याने ताकद येत नाही, तहान वाढते आणि मळमळतं. पाकिटावर लिहिलेलं माप पाळा. लहान पाकीट एका पेल्याचं असतं, मोठं लिटरचं.

नारळ, मोठा हार, मूर्ती, सेल्फी स्टिक हे खोलीवर.

## टप्पा ५ : घड्याळ उलटं लावा

बहुतेक गट विचारतात, ‘किती वाजता निघायचं?’ विचारायला हवं ते असं : ‘किती वाजता जैन मंदिरांच्या खाली असायला हवं?’ ऊन चढलं की दगड तापतो, सावली तुटक मिळते आणि नेमकी तेव्हाच पायातली ताकद संपत आलेली असते. माझं उत्तर हिवाळ्यात अकरा, उन्हाळ्यात नऊ.

हिवाळ्याचं उदाहरण मांडू. अकराला जैन मंदिरांच्या खाली, म्हणजे साडेसातच्या सुमारास दत्तशिखर सोडायचं. म्हणजे साडेसहापर्यंत शिखराजवळ. मध्यम वेगाच्या गटाला तळेटी ते अंबाजी साडेतीन-चार तास आणि अंबाजी ते दत्तशिखर दोन-अडीच तास धरा. म्हणजे तळेटीहून निघायचं रात्री बाराच्या आसपास.

हे आकडे माझ्या अनुभवाचे. तुमचे काढायला सरावातल्या हजार पायऱ्यांची वेळ घ्या, पाचने गुणा, त्यात दर तासाला दहा मिनिटं थांबण्याची मिळवा. हा तुमचा अंबाजीपर्यंतचा वेळ. तरुण मंडळी अडीच तासांत पोचतात. त्यांनी दीड वाजता निघावं. इथेच पहिल्या तक्रारीचं उत्तर आहे. ‘लवकर निघालेलं बरं’ म्हणून साडेअकरालाच सुटलेला तगडा गट पहाटे साडेचारला शिखरावरच्या बंद दारासमोर घामेजलेला उभा राहतो. त्यात सौराष्ट्र पश्चिमेला असल्याने सूर्य आपल्यापेक्षा उशिरा उगवतो. नागपूरकरांना तर अर्ध्या तासाहून जास्त फरक पडतो. डिसेंबरात सातच्या आधी सूर्याची वाट बघू नका. दार कधी उघडतं ते आदल्या संध्याकाळी तळेटीलाच विचारा, ऋतूप्रमाणे बदलू शकतं.

रात्रीची झोप हवीच. दुपारी बारा ते चार अंधार करून पडा, झोप लागो न लागो. आमच्या एका फेरीत आयोजकांनी सकाळी सोमनाथ, दुपारी जुनागढ बाजार आणि रात्री थेट पायऱ्या असा बेत ठेवला होता. तीन हजारांवर एक काका उभ्या उभ्या डुलकी घेत होते, आम्ही दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून बसवलं. त्यांचा दोष काहीच नव्हता, वेळापत्रकाचा होता.

### रोपवेवाल्यांसाठी वेगळा हिशेब

२४ ऑक्टोबर २०२० पासून भवनाथ ते अंबाजी रोपवे आहे, लांबी सुमारे २.३ किलोमीटर. काही मिनिटांत अंबाजी. पण तो दिवसा चालतो, म्हणजे पहाटेचं दर्शन त्यात बसत नाही. आणि अंबाजीच्या पुढे एक पायरीही तो वाचवत नाही : गोरखनाथचा चढ, खिंडीचा उतार, शेवटचे हजार, मग हे सगळं परत.

दोन गोष्टी पक्क्या करा. परतीची शेवटची फेरी किती वाजता, हे तिकीट काढतानाच विचारून त्यातून एक तास वजा करा. ती तुमची अंबाजीला परतायची वेळ. दुसरं, जोराचा वारा सुटला की रोपवे थांबतो. त्या दिवशी पाच हजार पायऱ्या उतरून यावं लागेल. ही शक्यता ज्यांना झेपणार नाही, त्यांनी अंबाजीच्या पुढे जाण्याआधी वाऱ्याकडे बघावं आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारावं.

जाताना पायी आणि येताना रोपवे हा मला सगळ्यात शहाणा मेळ वाटतो. उलटा करू नका. लोक जाताना रोपवे घेतात कारण चढाची भीती वाटते, आणि येताना ‘आता उतारच तर आहे’ म्हणून पायी येतात. दम पाच मिनिटांत भरून येतो, गुडघा येत नाही.

## टप्पा ६ : तळेटीला, निघण्याआधीचा तास

जेवण निघण्याच्या तीन तास आधी, हलकं : वरण-भात, खिचडी. काठियावाडी थाळी चवदार असते, तेलही भरपूर असतं, ती परतल्यावर. कडक उपास करून चढू नका. विशेषतः मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर मुळीच नाही, साखर एकदम खाली येते. दत्तमहाराज उपास दुसऱ्या गुरुवारीही मान्य करतील.

काठी भाड्याने मिळते, घ्या. तरुणांनीही घ्या. चढताना ती ओझं वाटेल, उतरताना तिसरा पाय होईल. उंची बघून निवडा : काठी शेजारी टेकवून धरली की कोपर साधारण काटकोनात यावं. उतरणीसाठी जरा लांब असलेली बरी.

डोली हवी असेल तर निर्णय इथेच घ्या. ‘जमेल तिथवर चालतो, मग डोली’ हा बेत फसतो, कारण अधेमधे रिकामी डोली मिळेलच असं नाही, आणि मिळाली तर भाव करायच्या स्थितीत तुम्ही नसता. डोलीचा दर वजनावर ठरतो, काट्यावर वजन होतं. लाजू नका, ते चौघांसमोरच होतं. तीन गोष्टी बोलून पक्क्या करा : कुठपर्यंत (अंबाजी की दत्तशिखर), जाऊन-येऊन की नुसतं जाऊन, आणि वर थांबण्याचा वेळ. डोलीतल्या माणसाला पांघरूण द्या. चालणाऱ्याला घाम येत असतो, बसलेला मात्र रात्रभर वाऱ्यात लटकत असतो. हे कुणाच्या लक्षात येत नाही आणि आजी तापाने आजारी पडतात.

अनवाणी जायचा नवस असेल तर महिनाभर घरचा जिना अनवाणी चढ-उतार करा आणि चपला पिशवीत ठेवा. सकाळी दहानंतरचा दगड नवस बघत नाही.

इशारा : गिरनारचं जंगल २००८ पासून अभयारण्य आहे आणि त्यात सिंह-बिबटे दोन्ही आहेत. रात्री पायऱ्या सोडून आडोशाला जाऊ नका, एकट्याने पुढे पळू नका. तळेटीचं स्वच्छतागृह वापरूनच निघा. वर सोय मोजक्या ठिकाणी आहे.

## टप्पा ७ : तळेटी ते अंबाजी

पहिल्या हजार पायऱ्या सर्वांत धोकादायक, कारण त्या सोप्या आहेत. उत्साह असतो, हवा गार असते, ‘जय गिरनारी’चा गजर चाललेला असतो. इथे मिनिटाला ऐंशी पायऱ्या मारलेला माणूस जैन मंदिरांपाशी पांढरा पडलेला मी पाहिला आहे. नियम असा : शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा. थांबू नका, कमी करा.

गटातला सर्वांत हळू चालणारा पुढे, एक अनुभवी माणूस शेवटी. आपल्याकडे नेमकं उलट होतं. पोरं पुढे निघून जातात, वाट बघत बसतात, मागचे पोचले की ‘चला’ म्हणून उठतात. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज नाही त्याला ती मिळते, आणि ज्याला आहे त्याला मिळत नाही.

डोलीवाले कसे चढतात ते एकदा थांबून बघा. खांद्यावर दांडा, दोघांची पावलं एका तालात, आणि वाट रुंद असेल तिथे ते सरळ चढत नाहीत. डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत तिरके जातात, मग वळून पुन्हा तिरके. अंतर वाढतं, पण एकेका पावलाला उचलावं लागणारं वजन सुसह्य होतं. उभ्या भागात हेच करा. पूर्ण पाऊल पायरीवर ठेवा, नुसत्या चवड्यावर चढलात तर पोटऱ्यांना गोळे येतील.

पाणी तहान लागण्याची वाट न बघता, दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-तीन घोट. एका दमात अर्धी बाटली नको. बसायचं झालं तर पाच मिनिटं, दहाच्या वर नाही. अंग थंड झालं की पुन्हा सुरू करणं जड जातं.

जैन मंदिरं रात्री बंद असतात. हळहळू नका, ती परतीच्या उजेडात बघायची. चामड्याचा पट्टा-पाकीट आत चालत नाही, हे आधीच लक्षात ठेवा.

तपासा (अंबाजीला) : छातीत जडपणा, चक्कर, थंड घाम, बोलताना अडखळणं यांपैकी काही? असेल तर चढणं इथेच संपलं. माणसाला बसवा, एकटं सोडू नका आणि लगेच मदत मागा. हे काही नसून फक्त गुडघा दुखत असेल, तरी इथूनच परत फिरा. अंबाजी हा शेवटचा सोपा परतीचा थांबा. पुढे गेल्यावर परतायलाही चढावं लागतं.

## टप्पा ८ : अंबाजी ते दत्तशिखर

बनियन बदला, एक लाडू खा, निघा. गोरखनाथापर्यंत वारा जाणवायला लागतो, टोपी-उपरणं सांभाळा.

खिंडीकडे उतरताना गुडघ्यांची पहिली चाचणी होते. इथे पळू नका, अंधारात तर नाहीच. उतरण्याची जी पद्धत पुढच्या टप्प्यात दिली आहे, ती इथूनच सुरू करा.

कमानीपाशी पूर्ण गट जमू द्या. ही भेटीची जागा आधीच ठरलेली हवी, मोबाइलला रेंज मिळेल असं धरू नका.

शेवटच्या हजार पायऱ्यांवर पन्नास चढा, तीस सेकंद उभं राहा, पुन्हा पन्नास. बसू नका, वाट अरुंद आहे. उतरणाऱ्यांना कड्याच्या बाजूला ढकलू नका. शिखरावर जागा अगदी थोडी आहे. पादुकांसमोर फार वेळ उभं राहता येत नाही. मनात काय मागायचं ते रांगेतच ठरवून ठेवा.

हेच शिखर जैन बांधवांसाठीही नेमिनाथांचं मोक्षस्थान म्हणून पूज्य आहे. मालकीच्या चर्चा तिथे करू नका, कुणी काढली तर ‘जय गिरनारी’ म्हणून पुढे व्हा.

दर्शनानंतर कमंडलू कुंडावर जायचं तर तीनेकशे पायऱ्या खाली आणि तेवढ्याच परत वर. पायात ताकद असेल तर जरूर जा, तिथे प्रसाद मिळतो आणि तासभर टेकता येतं. नसेल तर कमानीतूनच नमस्कार करा. निम्म्यात बसून रडवेले झालेले दर फेरीला दोघं-तिघं दिसतात.

## टप्पा ९ : उतरण

आता नाडी घट्ट बांधा. गुडघ्याचा पट्टा असेल तर आता चढवा, रात्रीपासून घालून ठेवू नका. घट्ट पट्ट्यात आठ तास गुडघा आंबतो.

पद्धत अशी. आधी काठी खालच्या पायरीवर टेकवायची, मग पाऊल. पाऊल पूर्ण टेकवायचं, गुडघा किंचित वाकलेला ठेवायचा, ताठ पायावर आदळायचं नाही. एक गुडघा दुखत असेल तर काठी दुसऱ्या बाजूच्या हातात. आणि हे पाठ करून ठेवा : चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा. उलट केलंत तर सगळं वजन दुखऱ्या गुडघ्यावर उतरतं. दोन्ही गुडघे बोलायला लागले तर कडेने तिरके उतरा, दर शंभर पायऱ्यांनी बाजू बदलून.

पाय थरथरायला लागले की तो थकव्याचा खरा निरोप असतो. पाच मिनिटं बसा, ओआरएस घ्या, काहीतरी खारट खा. अपघात याच टप्प्यावर होतात, तळेटी दिसायला लागल्यावर. उरलेल्या हजार पायऱ्या ‘झालंच आता’ म्हणून गप्पा मारत, फोनवर बोलत उतरतात आणि घोटा मुरगळतो. शेवटच्या हजारात फोन पिशवीत.

इशारा : दुखू नये म्हणून आधीच वेदनाशामक गोळी खाऊन उतरायला लागू नका. दुखणं झाकलं जातं, इजा वाढते, आणि शरीरात पाणी कमी असताना या गोळ्या मूत्रपिंडाला जड जातात.

माकडांसमोर प्रसादाची पिशवी हातात झुलवत चालू नका. ओढाओढीत पिशवी त्याची होते आणि तोल तुमचा जातो.

## टप्पा १० : पुढचे दोन दिवस

खाली आल्या आल्या गादीवर पडू नका. दहा मिनिटं सपाटीवर हळू चाला, पोटऱ्या आणि मांड्या ताणा, मग आंघोळ, मग ती काठियावाडी थाळी. काठी परत करून अनामत घ्यायला विसरू नका, अर्धे लोक विसरतात.

जुनागढचा उपरकोट किल्ला आणि तिथली अडी-कडी वाव बघायची असेल तर चढण्याच्या आदल्या दिवशी बघा. तीही पायऱ्या-पायऱ्यांचीच विहीर आहे. दुसऱ्या दिवशी ठेवलीत तर वरूनच डोकावून परत याल. सोमनाथ मात्र दुसऱ्या दिवशी चालतं, बसून जायचं आहे आणि चढ नाही.

दुखणं दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं, मग आपोआप उतरतं. हलकं चालत राहिल्याने बरं वाटतं. गुडघा सुजला, अडकायला लागला किंवा लघवी चहासारखी गडद झाली, तर मात्र ‘गिरनारचं दुखणं आहे’ म्हणून अंगावर काढू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि दोन गोष्टी, ज्या बुकिंग करतानाच करायच्या असतात. खोली तळमजल्यावरची मागा आणि कमोड आहे का ते न संकोचता विचारा. उकिडवं बसणं दोन दिवस विसरायचं आहे. परतीच्या गाडीला खालचा बर्थ निवडा. वरचा मिळालाच, तर गटातल्या रोपवेवाल्याशी बदलून घ्या.